विनी ऑल्डरसनची वाट

विनी ऑल्डरसनने गार्सबेक गावात एकतीस वर्षं टपाल वाटलं, आणि तेही पायी. पोस्टाने तिला एकदा सायकल दिली होती. ती तिने चार दिवस हाताने ढकलत नेली आणि पाचव्या दिवशी परत केली. म्हणाली, "हिला सांभाळू की पत्रं वाटू?" कुठल्या दाराची पत्राची फट बोटं चावते आणि कुठल्या घरचं कुत्रं टाचा चावतं, हे तिला पाठ होतं. पोस्टकार्डं ती वाचायची नाही. कार्ड सुलटं आहे की उलटं, एवढंच बघायची, आणि तेवढ्यात जे दिसायचं ते दिसायचं. सिड मेट्काफच्या मुलीचं स्पेनमध्ये जमलंय हे सिडच्या आधी विनीला कळलं होतं. पण बाईने तोंडातून अवाक्षर काढलं नाही. चांगले दोन दिवस.

निवृत्त झाल्यावर तिने खांद्यावरची पिशवी तेवढी उतरवली. बाकी फेरी होती तशीच चालू राहिली. ऊन असो, चिखल असो, सकाळी नऊ वाजून बारा मिनिटांनी ती चॅपलमागच्या फाटकातून सफरचंदांच्या जुन्या बागेत शिरायची, झाडांमधल्या पायवाटेने ओढ्याकडे उतरायची आणि घरी पोचून चहा टाकायची. वाट पुढे लाकडी पुलावर जात होती. पुलाच्या अलीकडचं शेवटचं घर विनीचं. तिचा नवरा लेन गवंडी होता. तो जाऊन पाच वर्षं झाली होती.

मग बाग विकली गेली. तिथे अकरा घरं उभी राहिली. वसाहतीला नाव दिलं 'ऑर्चर्ड क्लोज', म्हणजे फळबागेची गल्ली, आणि सफरचंदाचं एकही झाड ठेवलं नाही. पायवाट मात्र बिल्डरला काढता आली नाही. सार्वजनिक वाट ती, काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, नकाशावर नोंदलेली. म्हणून त्याने ती आपल्या नकाशात बारीक ठिपक्यांनी दाखवली, इतक्या बारीक की घरं घेणाऱ्यांपैकी एकाच्याही नजरेला ती पडली नाही.

पाच नंबरचं घर ऑब्रे पेनिंग्टन यांनी घेतलं. दक्षिणेत, सरेमध्ये, चाळीस वर्षं लोकांचे दात काढून आणि भरून झाल्यावर उत्तरेकडे शांततेत राहावं म्हणून आलेले, एकटे, उंच, नीटनेटके गृहस्थ. पहिल्याच सोमवारी ते झग्यातच हिरवळीवर कॉफी घेत बसले होते. समोरून एक बुटकी बाई आली आणि त्यांच्या खुर्चीला वळसा घालून पुढे निघाली.

"शुभ सकाळ," विनी म्हणाली. "झग्याची दोरी सुटलीय."

पेनिंग्टन यांनी आधी दोरी सावरली, मग आवाज. "बाई, ही माझी बाग आहे."

"हो, छानच आहे. आणि ही वाट आहे. तीही छान आहे."

"कसली वाट?"

"तुम्ही खुर्ची टाकून बसलात ना, ती." आणि ती गेली.

पुढच्या आठवड्यात तिथे 'खासगी' अशी पाटी लागली. विनीने तिच्यावर टोपी अडकवून बुटांच्या नाड्या बांधल्या, टोपी घेतली आणि पुढे गेली. मग गुलाबाची कुंडी आली. तिलाही वळसा बसला. शेवटी एप्रिलमध्ये पेनिंग्टन यांनी वाटेवरच एक तळं खणून घेतलं. बारा फूट रुंद, कडेने दगड, आत सोनेरी मासे. डावीकडे घराची भिंत, उजवीकडे काटेरी कुंपण. आता बघू, असं ते म्हणाले नाहीत, पण चेहऱ्यावर तेच होतं.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजून बारा मिनिटांनी विनी आली ती लेनचा मासे पकडायचा, छातीपर्यंत येणारा रबरी पोशाख चढवून. लेन सहा फुटी होता, त्यामुळे हनुवटीच्या वर होतं तेवढंच काय ते विनीचं दिसत होतं. हातातली पर्स डोक्यावर धरून ती सरळ तळ्यात उतरली आणि डुबुक डुबुक करत निघाली. पेनिंग्टन काचेच्या खोलीत उकडलेलं अंडं फोडत होते. चमचा तसाच हातात घेऊन ते बाहेर धावले.

"अहो! माझे मासे!"

"अहो! माझी वाट!"

"तुम्हाला काही लाज?"

"आहे ना. म्हणून तर पोशाख घातलाय."

गावाला एवढं पुरेसं होतं. दुसऱ्या दिवशी गमबूट घालून सहा जण तळ्यातून गेले, शनिवारी बावीस. त्यातल्या अर्ध्याअधिकांनी ती वाट कित्येक वर्षं वापरली नव्हती. मासे बिचारे कमळाच्या पानाखाली तळ ठोकून बसले. मग ऑर्चर्ड क्लोजची माणसं एकत्र आली, गावातली माणसं एकत्र आली, आणि गावसभेचा अध्यक्ष म्हणून सिड मेट्काफला सभा बोलवावीच लागली. सिडही गवंडी, लेनचा जन्माचा जोडीदार. गावातली निम्मी घरं त्या दोघांनी बांधलेली.

सभागृहात इतकी गर्दी नाताळच्या नाटकालाही होत नाही. आधी आठ नंबरच्या बाई उठल्या. "माझ्या न्हाणीघराची खिडकी त्या वाटेवर येते. येणारे-जाणारे आत बघतात."

"पडदा लावा की!" मागून कोणीतरी ओरडलं.

"पडदा लावला तर मला डोंगर कसा दिसणार?"

"म्हणजे तुम्ही बाहेर बघायचं आणि आम्ही आत बघायचं नाही, होय?"

हशा ओसरल्यावर बेकरीवाल्याने विचारलं, "पण घर घेताना नकाशा बघितला नव्हता का तुम्ही?"

"बघितला ना. मला वाटलं, ती ठिपक्यांची रेघ म्हणजे गॅसची नळी असेल."

पेनिंग्टन बोलायला उठले तेव्हा मात्र सभा शांत झाली. माणूस वाईट बोलला नाही. वाट बंद करा असं म्हणणं नाही, तळ्याच्या बाजूने थोडी सरकवा. कुंपण मी मागे घेतो, खडी मी टाकून देतो. बागही राहील आणि वाटही राहील. लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. दोन-चार माना डोलल्याही. तेवढ्यात विनी उठली.

"आज चार फूट सरकवायची, उद्या चाळीस. परवा म्हणतील, मोटारीने जा. वाट म्हणजे काही खुर्ची नव्हे, उचलली आणि ठेवली! नकाशावर रेघ आहे. ती जिथून जाते तिथूनच वाट. एक फूट इकडे नाही, एक फूट तिकडे नाही!"

टाळ्या कडाडल्या. सिडला मात्र एकाएकी खोकल्याची उबळ आली.

"काउंटीचा माणूस बोलवा," विनी म्हणाली, "आणि मोजा!"

"अगं, मोजणी कशाला मध्येच?" सिड पाण्याचा ग्लास शोधत म्हणाला. "आपापसात मिटवू की."

"का? मोजणीला भितोस?"

"मी कशाला भिऊ?" असं म्हणून सिडने ग्लास संपवला, आणि शेजारच्याचाही संपवला.

मोजायला काउंटीच्या पायवाट खात्याची बेथन प्राइस आली. तिशीची, वेल्सची, गालावर खळी, हातात यंत्र आणि बगलेत नकाशा. तिच्यामागे सगळं गाव, गावामागे ऑर्चर्ड क्लोज, आणि सगळ्यात मागे सिड, चुलीत विस्तव विसरून आल्यासारखा. चॅपलच्या फाटकापासून बेथन दर दहा पावलांवर एक लाल खुंटी ठोकत चालली. आठ नंबरच्या न्हाणीघराखाली खुंटी बसली. पाच नंबरच्या हिरवळीवर बसली. मग तळं आलं, आणि यंत्र बरोबर तळ्याच्या मधोमध टुणटुणलं.

"वाट इथूनच जाते," बेथन म्हणाली.

गाव आनंदाने नुसतं उसळलं. बेकरीवाल्याने विनीला उचलायचा प्रयत्न केला आणि बेत बदलला. पेनिंग्टन पांढरे पडले होते. विनी त्यांच्यासमोर जाऊन हसली. "काय साहेब? मासे हलवताय ना?"

"आमचं अजून संपलं नाही," बेथन म्हणाली. "वाट पुलापर्यंत आहे ना? चला."

सगळे तिच्यामागून उतारावरून निघाले. विनी सर्वांत पुढे. तिच्या घराजवळ आल्यावर वाट भिंतीच्या कडेने, कोबीच्या वाफ्यांना लागून पुलाकडे वळते. चाळीस वर्षं सगळे तसेच वळत होते. बेथन वळली नाही. सरळ चालत गेली आणि विनीच्या स्वयंपाकघराच्या भिंतीला यंत्र लावून उभी राहिली. यंत्र टुणटुणलं.

तिने नकाशा उलगडला, परत घडी घातली, पुन्हा उलगडला. "मिसेस ऑल्डरसन, हे बांधकाम कधीचं?"

"हे स्वयंपाकघर? लेनने अठ्ठ्याहत्तर साली बांधलं."

"नकाशा बावन्न सालचा आहे."

सगळ्यांच्या माना भिंतीकडे वळल्या. मग पेनिंग्टन यांनी घसा साफ केला आणि अगदी हळू, एखाद्याला चूळ भरायला सांगावं तसं म्हणाले, "एक फूट इकडे नाही, एक फूट तिकडे नाही."

विनीचा चेहरा बिटासारखा झाला. मग तरातरा पायऱ्या चढली, स्वयंपाकघराचं मागचं दार उघडलं, आत जाऊन पुलाकडचं दारही उघडलं आणि ओटा पुसायचं फडकं खांद्यावर टाकून मधोमध उभी राहिली.

"काय बघताय? वाट आहे ती. या! बूट पुसून या!"

आणि सगळं गाव एकामागून एक विनीच्या स्वयंपाकघरातून गेलं. टोप्या काढून, चर्चमध्ये जावं तसं. पेनिंग्टन सर्वांत शेवटी गेले. जाताना त्यांनी शेगडीवर उकळणाऱ्या भांड्याकडे बघून म्हटलं, "उतू जातंय."

सिड मात्र आत येऊन थांबला.

"लेनला माहीत होतं," तो म्हणाला.

"काय माहीत होतं?"

"नकाशा पाहिला होता त्याने. मी म्हटलं, अरे, वाटेवर येतंय. म्हणाला, सिड, मग समोरासमोर दोन दारं ठेवतो. कुणी विचारलंच, तर उघडून देऊ."

विनी स्टुलावर बसली. "चाळीस हिवाळे, सिड! चाळीस हिवाळे मी या दोन दारांमधल्या वाऱ्यात भांडी घासली. दरवर्षी विचारायचे, बाबा रे, दुसरं दार हवंय कशाला? म्हणायचा, उजेडाला."

"पण दार तर लाकडी आहे."

"तेच तर मी म्हणायचे!"

त्या दिवशी तिने लेनच्या फोटोकडे पाठ करून जेवण केलं. दुसऱ्या दिवशी फोटो पुसून परत जागेवर ठेवला, कारण दोन दारांची युक्ती तिला स्वतःला सुचली असती तर तिनेही तेच केलं असतं, आणि हे तिला ठाऊक होतं.

बेथनने सांगितलं की वाट कायद्याने वळवून घेता येते, अर्ज करावा लागेल. विनी म्हणाली, मी कसला अर्ज करत नाही. दारावर तिने पुठ्ठा लावला: 'सार्वजनिक वाट. बूट पुसा. दोन्ही दारं लावा. तुमच्या कुत्र्याला तव्यावरचं बेकन देऊ नका, ते माझं आहे.'

सुरुवातीला मजा वाटली. पण बातमी लीड्सच्या वर्तमानपत्रात आली आणि पाठीवर पिशव्या घेतलेले चालणारे लोक लांबलांबून यायला लागले. विनी केस कुरळे करायच्या गोल पिना लावून पाव भाजत असायची आणि मागून चौदा डच माणसं एका रांगेत, "गुड मॉर्निंग, गुड मॉर्निंग" करत जायची. चौदावा माणूस भाजलेला पाव उचलून न्यायचा. एक जण सायकल घेऊन आला; त्याला तिने दारातूनच परत पाठवलं, "ही पायवाट आहे, बाबा, सायकलींना बंदी." लीड्सच्या, पायी फिरणाऱ्यांच्या एका मंडळाने तर तिच्या मुरंब्याची चव घेऊन, पुढच्या महिन्यात पुन्हा येतो असं कळवून टाकलं.

आणि रोज सकाळी आठला पेनिंग्टन. पुलापलीकडच्या दुकानातून वर्तमानपत्र आणायला त्यांना दुसरी वाट होती, पण ते यायचे इथूनच. टोपी उचलायचे. "शुभ सकाळ, मिसेस ऑल्डरसन. वाट मोकळी आहे ना?"

"तुमच्यासाठी झाडूनच ठेवलीय."

आठ वीसला परत. मग नऊ बाराला विनी त्यांच्या तळ्यात. दोघांपैकी कोणी एक दिवस चुकवेना. पैजच लागली होती, फक्त कोणी ती बोलून दाखवली नव्हती.

जूनमधल्या एका सकाळी पेनिंग्टन नेहमीसारखे आत आले आणि टोपी उचलायची विसरले. विनी टोस्ट चहात बुडवून उजव्या बाजूने चघळत होती.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"काय कधीपासून?"

"डावी बाजू वापरत नाही आहात. मी बघतोय, मंगळवारपासून."

"तुम्ही वाटेने जायचं. वाटेवरून तोंडात बघायचा हक्क नाही कुणाला."

"आ करा."

"करत नाही."

"मिसेस ऑल्डरसन," पेनिंग्टन म्हणाले, आणि चाळीस वर्षं माणसांना खुर्चीत बसवणारा तो आवाज होता, "आ करा."

विनीने आ केला. त्यांनी खिडकीजवळ नेऊन, चमच्याच्या दांड्याने गाल बाजूला करून पाहिलं आणि दीर्घ श्वास सोडला. "दाढेखाली पू झालाय. एवढं अंगावर काढून तुम्ही माझ्या तळ्यातून चालत होता?"

"तळ्यातून पायांनी चालतात."

पुढच्या अर्ध्या तासात ती त्यांच्या गाडीत होती. शहरात त्यांच्या ओळखीच्या दंतवैद्याने दाढ काढली. परतताना विनीचा अर्धा चेहरा बधिर होता, म्हणून बोलायचं काम पेनिंग्टन यांच्याकडे आलं, आणि माणसाने आयुष्यात पहिल्यांदा बोलायला मिळाल्यासारखं बोलून घेतलं. तळ्यातले मासे बाजारातून आणलेले नव्हते. त्यांच्या दवाखान्यात, वाट बघायच्या खोलीत काचेच्या पेटीत होते ते, काही तर सोळा वर्षांचे. घाबरलेली माणसं त्यांच्याकडे बघत बसायची आणि शांत व्हायची. दवाखाना बंद केला तेव्हा सगळं सामान देऊन टाकलं, मासे देववले नाहीत. "एवढा लांबचा प्रवास मी ताशी तीस मैलांनी केला," ते म्हणाले. "पाणी हिंदकळू नये म्हणून."

विनीच्या डोळ्यांत पाणी आलं. "बधिरता उतरतेय," ती बोबडं बोबडं म्हणाली. थोड्या वेळाने विचारलं, "पण मग तळं वाटेवर कशाला?"

"तुमचा राग आला होता म्हणून," पेनिंग्टन म्हणाले. "दुपारपर्यंत तिथे ऊन असतं, ते खरं. पण राग आला होता."

"टपाल वाटताना चावणाऱ्या कुत्र्यांचीही मला सवय होती," विनी म्हणाली. "माणसांनी पाटी लावलेली खपली नाही. तेवढंच."

दुसऱ्या दिवसापासून ती तळ्याच्या कडेने, दगडांवरून तोल सांभाळत जायला लागली. त्याच आठवड्यात दोघांनी बेथनला एकच अर्ज धाडला: वाट पाच नंबरमध्ये चार फूट आणि विनीच्या घरी सहा फूट सरकवावी. कुंपण ते मागे घेणार, कोबी ती मागे घेणार.

पण इथेच घोडं अडलं. नियमाप्रमाणे चॅपलच्या फाटकावर नोटीस लागली, हरकत असेल त्याने अठ्ठावीस दिवसांत कळवावं. हरकती आल्या एकोणचाळीस. बेकरीवाल्याची, आठ नंबरच्या बाईंचीही (त्यांना आता विनीच्या स्वयंपाकघरातून दुकानात जायची सवय झाली होती), आणि लीड्सच्या त्या मंडळाची, तीन पानी, त्यातलं एक पान मुरंब्यावर. सिडला पुन्हा सभा बोलवावी लागली. या वेळी पेनिंग्टन आणि विनी एका बाकावर बसले होते, आणि सगळं गाव समोर.

"एक फूट इकडे नाही, एक फूट तिकडे नाही!" बेकरीवाला ओरडला. "तुझेच शब्द आहेत, विनी!"

विनी उठली. "हो, माझेच. चुकीचे होते. झालं समाधान? एकतीस वर्षं मी तुमच्या दाराशी आले. तुमच्या स्वयंपाकघरात घुसले कधी?"

"घुसली नाहीस, पण पोस्टकार्डं वाचलीस!" सिड म्हणाला.

"फक्त सुलटी आहेत का ते बघितलं!"

सभागृह हसून हसून लोटपोट झालं. मग पेनिंग्टन उभे राहिले आणि म्हणाले की या बाईंना चौऱ्याहत्तरावं वर्ष लागलंय, सकाळचा टोस्ट त्यांना परक्या माणसांविना खाता यावा, एवढीच विनंती आहे. आणि त्यात ते स्वतःला परकेच धरतात. बेथनने नंतर सगळ्यांना समजावून सांगितलं की चालायचा हक्क कायद्यात आहे, मुरंब्याचा नाही. एकोणचाळीसपैकी अडतीस हरकती त्याच दिवशी मागे घेतल्या गेल्या. लीड्सच्या मंडळाची राहिली. तिच्या निकालाला आठ महिने लागले, आणि तो विनी-पेनिंग्टनच्या बाजूने लागला.

मार्चमध्ये नवे खांब रोवले. वाट तळ्याच्या कडेने आणि विनीच्या भिंतीच्या कडेने गेली. सिडने पुलाकडचं दार विटांनी बुजवून देतो म्हटलं. विनीने दोन दिवस विचार केला आणि म्हणाली, नको, काचेचं बसव. लेन म्हणायचा तसा उजेड तरी येऊ दे. पहिल्या सकाळी आठला पेनिंग्टन भिंतीपलीकडून गेले, काचेतून टोपी उचलली. तिने टोस्ट उचलला.

बेथनने जाता जाता विनीला गावाच्या पायवाटांची राखणदार नेमलं. पिवळं जाकीट दिलं, काटेरी झुडपं छाटायची मोठी कात्री दिली आणि गावातल्या तेवीस वाटांचा नकाशा दिला. जाकीट गुडघ्यापर्यंत आलं. मदतनीस म्हणून पेनिंग्टन यांनी आपलं नाव स्वतःच लिहून टाकलं होतं, विचारायच्या आधी.

पहिल्या मंगळवारी दोघं नऊ नंबरच्या वाटेवर गेले. तिथे दहा वर्षं कोणी फिरकलं नव्हतं. ब्लॅकबेरीच्या काट्यांचा पुरुषभर उंच डोंगर झाला होता. पेनिंग्टन मापाने, एकेक फांदी निवडून छाटत होते. विनी समोर येईल ते कापत होती. तासाभरात ती पंधरा पावलं पुढे गेली होती आणि ते दोन पावलांवरच होते, बाही काट्यात अडकलेली.

"अहो साहेब, दात नव्हे ते," विनी ओरडली. "ओढा!"

"ओढलं तर जाकीट फाटेल."

"मग भूल द्या त्याला!" असं म्हणून ती मागे आली आणि कात्रीने त्यांची बाही सोडवायला लागली.